विस्तवाची जागा

छत्रपती संभाजीनगरच्या गारखेड्यात घर बांधताना कुणी दिवाणखान्यात फायरप्लेस मागितली, तर सगळे एकच प्रश्न विचारतील: मे महिन्यात दुपारचा पारा चाळिशी ओलांडणाऱ्या गावात आग घरात कशाला? प्रश्न रास्त आहे, पण अर्धाच आहे. याच गावात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा दहा-बाराच्या आसपास उतरतो. सूतगिरणी चौकात रिक्षावाले शेकोटीभोवती उकिडवे बसलेले दिसतात, आणि विभागीय क्रीडा संकुलात चालायला येणारी माणसं कानटोप्या घालून येतात. थंडी थोडकी असते, पण असते. महाबळेश्वर, माथेरानच्या जुन्या बंगल्यांत इंग्रजांनी फायरप्लेस बांधल्या. पण महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे 1,350 मीटरवर आहे, आणि आपण साडेपाचशेच्या थोडे वर. तिथलं उचलून इथे ठेवता येत नाही.

ही मागणी आर्किटेक्टकडे गेली की बहुतेकदा दोनांपैकी एक गोष्ट घडते. एक तर तो ‘करून टाकू’ म्हणतो आणि भिंतीत विजेच्या ज्वाळांचा डबा बसवतो. नाहीतर ‘आपल्याकडे हे चालत नाही’ म्हणून विषय मिटवतो. दोन्हीकडे विचार होतच नाही, आणि विचार व्हावा असा हा विषय आहे. म्हणून हा संवाद मी रचला आहे. यातल्या काकू भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. गारखेड्यातलं जुनं बैठं घर पाडून त्याच जागी त्यांना दुमजली घर बांधायचं आहे. आर्किटेक्ट त्यांच्या मुलाच्या वयाचा, पैठण तालुक्यातल्या खेड्यातून शिकून वर आलेला. प्लॉट तीस बाय पन्नास फुटांचा, रस्ता उत्तरेला, मागचं अंगण दक्षिणेला. नकाशा अजून पेन्सिलीत आहे. चर्चा याच वेळी व्हायला हवी. स्लॅब पडल्यावर चिमणीची आठवण झाली, तर कुठलाही आर्किटेक्ट फार काही करू शकत नाही.

काकू : मला दिवाणखान्यात फायरप्लेस हवी. खरी, लाकूड जळणारी.

आर्किटेक्ट : काकू, वर्षातून किती दिवस पेटवाल?

काकू : दीड-दोन महिने. तुम्ही लोक दिवाणखान्यात झुंबर लावता, ते तरी किती दिवस लागतं?

आर्किटेक्ट : झुंबरासाठी पायापासून गच्चीपर्यंत घर चिरावं लागत नाही. बरं, मला आधी हे सांगा, पेटवायचं कशासाठी? अंग शेकायला, की बसायला?

काकू : दोन्हीसाठी. लेकीकडे कॅनडात राहिले, तेव्हा जेवणं झाली की सगळे विस्तवापाशी बसायचे. टीव्ही बंद. नातवंडंसुद्धा तोंड वर करून बोलायची. आणि खरं सांगू? मला ते परकं वाटलंच नाही. गुलमंडीजवळच्या आमच्या वाड्यात विस्तव घरभर होता. स्वयंपाकघरात चूल, वैलावर आमटीचं भांडं. न्हाणीत तांब्याचा बंब. घरात बाळंतीण असली की बाजेखाली शेगडी, तिच्यावर ओव्याची धुरी. गॅस आला आणि सगळा विस्तव एका ओट्यावर जाऊन बसला. मी काही परदेशी हौस मागत नाहीये. होतं ते परत मागतेय.

आर्किटेक्ट : तुम्ही विस्तवापाशी बसलात, काकू. माझी आई विस्तवापुढे बसली. यात फरक आहे.

काकू : म्हणजे?

आर्किटेक्ट : आमचं माळवदाचं घर. साण्यातून जाईल तेवढा धूर जायचा, उरलेला तिच्या डोळ्यांत. पावसाळ्यात तुराट्या, पऱ्हाट्या ओल्या. फुंकणी घेऊन ती अर्धा-अर्धा तास फुंकत बसायची. पन्नाशीत तिला चार पायऱ्या चढताना दम लागायला लागला. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, घरात सिगरेट कोण ओढतं? आमच्या घरात कुणी विडीसुद्धा ओढत नव्हतं. म्हणून घरात विस्तव म्हटलं की माझे हात आखडतात.

या ठिकाणी मी थोडा वेळ आर्किटेक्टच्या बाजूला उभा राहतो. किर्क स्मिथ नावाच्या अमेरिकी शास्त्रज्ञाने 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला गुजरातच्या खेड्यांत जाऊन स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या श्वासातला धूर मोजला. तोवर हवेचं प्रदूषण म्हटलं की गिरणी आणि मोटारच डोळ्यांपुढे यायची, चुलीकडे कुणाचं लक्षच नव्हतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने 2020 या एका वर्षात घरातल्या धुराने जगभर सुमारे 32 लाख माणसं दगावली. चुलीच्या आठवणी सांगणाऱ्यांत चुलीपुढे बसलेल्या बाईचा आवाज फार कमी ऐकू येतो. हे आपल्या लेखनाचंही उणं आहे.

पण काकूंचं म्हणणं यामुळे खोडून निघत नाही. त्यांनी लगेच पुढचा मुद्दा काढला.

काकू : तुझ्या आईच्या चुलीला धुराडं नव्हतं. फायरप्लेस म्हणजे धुराडं असलेलाच विस्तव. दुखणं धुराचं आहे, आणि त्यावरचा उपाय मी मागतेच आहे.

आर्किटेक्ट : धुराडं बांधलं की धूर जातोच असं नाही. सरकारने बिनधुराच्या चुली वाटल्या होत्या, आठवतं?

काकू : आठवतं तर. माझी नोकरी गंगापूर तालुक्यात होती, तेव्हा बघितल्यात मी. सिमेंटचं धुराडं, दोन भांड्यांची सोय. सहा महिन्यांनी जाऊन बघावं, तर बायकांनी चुलीचं तोंड फोडून मोठं केलेलं. का, तर भाकरीचा तवा बसत नव्हता, आणि लाकूड बारीक फोडायला वेळ कुणाकडे होता?

सुधारित चुलींचा हा राष्ट्रीय कार्यक्रम 1983 च्या सुमारास सुरू झाला आणि 2002 मध्ये केंद्राने तो गुंडाळला. देशभर तीन कोटींहून जास्त चुली बांधल्याची नोंद झाली. त्यांतल्या कितीतरी थोड्याच काळात पडीक झाल्या. धुराडं काजळीने तुंबलं की साफ करायला कुणी येत नव्हतं, आणि चूल बांधणारा उद्दिष्ट पुरं करून पुढच्या गावाला गेलेला असायचा. आपल्या महाराष्ट्रात या कामाला शास्त्राची बैठक देणारी माणसं होती. डॉ. आनंद कर्वे यांनी 1996 मध्ये उभी केलेली ‘आरती’, म्हणजे अप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूट, ही संस्था त्यांत अग्रणी. तिने चुलींचे साचे बनवले आणि गावोगावच्या कारागिरांना त्यांवर काम शिकवलं. या साऱ्या इतिहासातून माझ्या मनात ठसलेली गोष्ट एवढीच: विस्तव जी व्यक्ती सांभाळणार, तिला विचारल्याशिवाय त्याचा नकाशा काढला तर तो नकाशा फसतो. दिवाणखान्यातल्या फायरप्लेसलाही हे लागू आहे, आणि पुढे आर्किटेक्टने नेमका याच जागी काकूंना अडवलं.

त्याआधी त्याने कागद ओढून घर उभं कापल्यासारखं चित्र काढलं: पाया, खोली, स्लॅब, वरची खोली, गच्ची.

आर्किटेक्ट : हे बघा. उघड्या फायरप्लेसमध्ये लाकूड जळलं की शंभरातले दहा-पंधरा भाग उष्णता खोलीला मिळते. बाकीची चिमणीतून आकाशात. शिवाय जळताना ती तासाला काहीशे घनमीटर हवा खोलीतून ओढून वर पाठवते. तेवढी हवा फटींतून बाहेरून आत येणार, म्हणजे गारच येणार. तोंड भाजतं आणि पाठ गारठते, ते यामुळे.

काकू : कॅनडात असं होत नव्हतं.

आर्किटेक्ट : त्या विस्तवापुढे काचेचं दार होतं का?

काकू : होतं.

आर्किटेक्ट : मग ती बंद लोखंडी शेगडी. भिंतीत बसवलेली असली तरी शेगडीच. हवा मोजून आत घेते आणि निम्म्याहून बरीच जास्त उष्णता खोलीला देते. बेंजामिन फ्रँकलिनने 1740 च्या दशकात लोखंडी शेगडी काढली ती याच खटाटोपातून. पण ती इथे बसवली तर दहा-बारा अंशांच्या गारठ्यात अर्ध्या तासात खोली इतकी तापेल की तुम्हीच उठून खिडक्या उघडाल. उणे वीसच्या गावासाठी केलेली वस्तू आहे ती. त्या मानाने तुमचा बंब फार हुशार. मधोमध उभी नळी, खाली जाळी, नळीत विस्तव आणि भोवती पाणी. म्हणजे चिमणीच पाण्यात उभी केलेली. फायरप्लेस जी उष्णता आकाशाला देते, ती बंब पाण्याला देतो.

काकू : बंब आहे अजून माळ्यावर. कल्हई करून घ्यावी लागेल. पण बंबाभोवती कुणी गप्पा मारत बसत नाही रे.

आर्किटेक्ट : खरं आहे. पण आणखी एक ऐका, हे मला जास्त भीतीचं वाटतं. स्वयंपाकघर आणि दिवाणखाना यांच्यामध्ये भिंत नको म्हणालात. ओट्यावर विजेची चिमणी लागणार. थंडीत खिडक्या बंद. ती चिमणी सुरू झाली की घरातली हवा बाहेर फेकणार, आणि तेवढी हवा आत घ्यायला मोकळी वाट एकच उरणार, फायरप्लेसचं धुराडं. धूर वर जायचा तो खोलीत उतरेल. धूर निदान दिसतो. निखारे राहिलेले असताना कार्बन मोनॉक्साइड उतरला, तर त्याला वास नाही, रंग नाही. बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेली माणसं सकाळी उठली नाहीत, अशा बातम्या उत्तरेतून दर हिवाळ्यात येतात.

काकू : आमच्या बाळंतिणीच्या खोलीत तर...

आर्किटेक्ट : त्या खोलीच्या दारांना फटी होत्या आणि वर कौलं होती. आता आपण ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या लावतो, रबराची पट्टी घालून. जुनी वस्तू नव्या घरात आणताना जुनं घरही अर्धं आणावं लागतं.

काकू यावर काही वेळ बोलल्या नाहीत. मग त्यांनी पेन्सिल त्याच्या हातातून घेतली. चांगला ग्राहक कसा असतो हे मला या ठिकाणी दाखवायचं आहे. आपल्याला काय हवं एवढं सांगून तो थांबत नाही, आपल्याला जे ठाऊक आहे तेही टेबलावर ठेवतो.

काकू : आपण 19.9 उत्तर अक्षांशावर. 22 डिसेंबरला भर दुपारी सूर्य दक्षिणेकडे किती उंच असेल? नव्वदातून 19.9 वजा, त्यातून 23.4 वजा. साधारण सत्तेचाळीस अंश. मेच्या तिसऱ्या आठवड्यात तो बरोबर डोक्यावर, सावली पायाखाली. जूनमध्ये तर थोडा उत्तरेलाच झुकतो. मग दक्षिणेच्या भिंतीत मोठी खिडकी आणि तिच्यावर छज्जा असेल, तर उन्हाळ्यात दुपारचं ऊन आत येणारच नाही, आणि हिवाळ्यात येईल. बरोबर?

आर्किटेक्ट : अगदी बरोबर. खिडकीच्या डोक्यालगत दोन फुटांचा छज्जा काढला, तर डिसेंबरच्या दुपारी खिडकीचा वरचा दोन-सव्वादोन फूट भाग सावलीत राहील, खालून ऊन आत. आत खिडकीला लागून काळ्या दगडाचा रुंद बाक बांधू. दगड दिवसभर तापेल, संध्याकाळी उशिरापर्यंत ऊब देत राहील. लाकूड नाही, धूर नाही, राख नाही. अंग शेकायचं काम हे करील.

काकू : गुडघ्यांची सोय झाली. आता बसण्याची सांग.

शेकणं वेगळं आणि बसणं वेगळं. आर्किटेक्टने सुरुवातीला विचारलेल्या प्रश्नाचं फळ इथे दिसतं. आपल्या शहराची जुनी अक्कलही अशीच गरज ओळखून चाललेली दिसते. पाणचक्कीच्या हौदाखाली जो मोठा तळघरासारखा दिवाणखाना आहे, त्याच्या डोक्यावर पाणी आहे. उन्हाळ्यात तिथे बसलेल्या माणसाला गारवा मिळावा म्हणून बांधणाऱ्यांनी एवढा खटाटोप केला. इथल्या हवेत माणसाला छळणारी गोष्ट ऊन आहे, आणि बांधकामाची मोठी रक्कम उन्हाविरुद्ध खर्च व्हावी, या आर्किटेक्टच्या मताशी मी सहमत आहे.

आर्किटेक्ट : बसायचं म्हणता, तर मला एक सांगा, तुम्ही हुरड्याला जाता ना?

काकू : दरवर्षी. भावाचं शेत आहे.

आर्किटेक्ट : तिथे विस्तव कुठे असतो?

काकू : जमिनीत. आगटी खणतात. हात-दीड हात रुंदीचा खड्डा, त्यात गवऱ्या रचून पेटवायच्या. पहिला धूर जाऊ द्यायचा, भडका बसू द्यायचा, मग नुसता लाल आर राहतो. त्या आरात कणसं खोचायची. भाजली की गरमच हातात घेऊन चोळायची, तळवे लाल होतात. गूळभेंडीचा हुरडा असला तर दाणे टपोरे, हिरवे, दुधाळ. सोबत शेंगदाण्याची चटणी, गूळ, बोरं. आगटीभोवती माणसं गोल बसलेली, आणि भाजणारा एकटाच उभा-बसा करत असतो. त्याला उसंत नाही.

आर्किटेक्ट : तुम्ही फायरप्लेस म्हणता, पण तुमच्या डोळ्यांपुढे मला ही आगटी दिसते. तिला भिंतीत कोंबलं तर माणसं अर्ध्या वर्तुळात बसतील, ती गोल बसणारच नाहीत. म्हणून मी असं सुचवतो. मागच्या अंगणात, घराच्या दक्षिणेच्या भिंतीच्या एका कोपऱ्याला पाठ देऊन विस्तव. वर कौलारू पडवी, दोन बाजू उघड्या. धूर चिमणीतून वर, पण खोली बंद होण्याचा प्रश्नच नाही.

काकू : म्हणजे मला घराबाहेर काढलंस. हुरडा वर्षातून एकदा होतो. मला रोज रात्री बसायचंय. सत्तरीत गुडघे धरून गारठ्यात अंगणात कोण जाणार? तूच म्हणालास ना, कशासाठी ते आधी ठरवा? मी ठरवलंय. रोजच्यासाठी.

हा काकूंचा मुद्दा जोरकस आहे, आणि तज्ज्ञाने हरायला तयार असावं अशी ही जागा. ‘आउटडोअर सीटिंग’ असं सुंदर चित्र काढून दिलेल्या किती जागा दोन वर्षांत कुंड्या आणि मोडक्या खुर्च्या ठेवायच्या होतात, हे आपल्या कॉलन्यांत हिंडलं की दिसतं. घरातून तिथे जाताना एक पायरी जरी उतरावी लागली, तरी म्हातारं माणूस जात नाही.

आर्किटेक्ट : मान्य. मग पडवी आणि दिवाणखाना एकाच पातळीवर घेऊ, उंबरा नाही, पायरी नाही. मध्ये घडीचं दार. ते पूर्ण उघडलं की दिवाणखाना पडवीपर्यंत जातो. पश्चिमेची बाजू भिंतीने बंद करू, पावसाळ्यातला वाराही तिकडूनच येतो. विस्तवाला उंच ओटा देऊ, दीड फुटाचा, म्हणजे खुर्चीवर बसून लाकूड सरकवता येईल. वाकायचं नाही.

काकू : आणि धूर पडवीत भरणार नाही याची खात्री?

आर्किटेक्ट : खात्री मापात असते. काउंट रम्फर्डने 1796 मध्ये यावर निबंध लिहिला आणि लंडनमधल्या धुरकट फायरप्लेस सुधारून दाखवल्या. खोल कोनाडा करायचा नाही, उथळ करायचा. बाजूच्या भिंती सरळ नाही, बाहेरच्या बाजूला उघडणाऱ्या तिरक्या. म्हणजे आगीची धग भिंतीवर आपटून पुढे माणसांवर येते. आणि वर, जिथून धूर चिमणीत शिरतो, तो गळा अरुंद, चार इंचांचा. तिथे धुराला वेग येतो. आपलं तोंड तीस इंच रुंद, चोवीस इंच उंच धरू. 720 चौरस इंच. चिमणीची पोकळी त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या खाली जाऊ द्यायची नाही. नऊ बाय नऊची पोकळी घेतली तर एक्क्याऐंशी. विटेच्या मापातच बसते, मिस्त्रीला वीट तोडावी लागत नाही. आत भाजक्या मातीचा पाइप, आगीपुढे फायर ब्रिक, साध्या सिमेंटऐवजी फायर क्ले. साधं सिमेंट त्या धगीला तडकतं.

काकू : आणि वर?

आर्किटेक्ट : वर दुसऱ्या मजल्याच्या कठड्यापेक्षा तीन फूट तरी उंच. एकूण सव्वीस फूट धरा, आठ मीटर. भोवती साडेचार इंची वीट. या नुसत्या चिमणीचंच वजन अडीच टनांच्या घरात जातं. स्लॅबच्या कडेवर ठेवता येणार नाही, तिला स्वतःचा पाया हवा. खाली काळी माती लागली तर मुरूम लागेपर्यंत खणायचं. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. घर एकीकडे आणि चिमणी एकीकडे हलली तर मधल्या भेगेतून धूर तुमच्या वरच्या बेडरूममध्ये.

चित्र काढताना त्याने शेजारच्या प्लॉटवर एक तुटक रेघ ओढली. तिचा अर्थ काकूंनी विचारला.

आर्किटेक्ट : पूर्वेचे शेजारी आज दुमजली आहेत. उद्या तिसरा मजला चढवला आणि तो आपल्या चिमणीपासून दहा फुटांच्या आत आला, तर वारा त्या भिंतीवर आपटून आपल्या धुराड्यात खाली घुसेल. आणि धूर त्यांच्या खिडकीत. हिवाळ्याच्या रात्री हवा अशीही जड असते, धूर वर न जाता गल्लीतच रेंगाळतो. 2019 च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात हवा सुधारायची म्हणून जी शहरं घेतली, त्यांत आपलं शहर आहे. म्हणून चिमणी पश्चिमेच्या कोपऱ्यात घेतो. महापालिकेच्या नकाशात ती दाखवतो. आणि शेजाऱ्यांना तुम्ही स्वतः जाऊन सांगा. जळण म्हणजे वर्षभर वाळवलेलं बाभळीचं लाकूड. सुतारकामातले प्लायवूडचे तुकडे, रंगवलेल्या जुन्या चौकटी, काही म्हणजे काही घालायचं नाही.

काकू : शेजारी आमच्या घरचेच आहेत. सांगते. एवढंच ना?

आर्किटेक्ट : नाही. राख कोण काढणार?

काकू : मावशी येतात ना सकाळी.

आर्किटेक्ट : त्यांना विचारलंत?

काकू : ...नाही.

आर्किटेक्ट : विचारा. त्यांच्या कामात ही भर पडणार, तर पगारातही पडायला हवी. आणि राख काढताना ती नाकातोंडात जाते, म्हणून मी ओट्याच्या पोटात राखेचा कप्पा काढतोय, बाहेरच्या बाजूने लोखंडी दार, आत ओढून काढायचा पत्र्याचा ट्रे. गुडघ्याच्या उंचीवर. वर्षातून एकदा, दिवाळीच्या आधी, चिमणी ब्रशने साफ करायची. त्यासाठी गच्चीत पाय ठेवायला सिमेंटच्या दोन पायऱ्या देतो. हे सगळं कुणाच्या अंगावर पडतं ते नकाशात दिसलं पाहिजे.

काकू : तुझ्या आईला ही पडवी दाखवशील?

आर्किटेक्ट : आणीन. ती पेटवायला बसणार नाही, पण बघेल.

आता पैशांबद्दल, कारण घरं इथेच अडतात. आपल्या शहरात बऱ्याच घरांचा नकाशा मंजुरीपुरता काढून घेतात, बाकीचं ठेकेदार जागेवर ठरवतो. साध्या भिंतीला ते निभतं, चिमणीला निभत नाही. चिमणीचा गळा चार इंचांऐवजी आठ इंच झाला तर मिस्त्रीला तो फरक दिसणार नाही, आणि काकूंना तो पहिल्या रात्री डोळ्यांत कळेल. म्हणून आर्किटेक्टला द्यायची फी ही उभ्या छेदाच्या मोठ्या मापातल्या चित्रासाठी आहे, आणि मिस्त्री गळ्यापर्यंत पोचेल त्या दिवशी त्याने स्वतः साइटवर उभं राहण्यासाठी आहे. हे लेखी ठरवून घ्यावं. वास्तुविशारद कायदा 1972 चा आहे. नोंदणी असलेल्यालाच स्वतःला आर्किटेक्ट म्हणवता येतं, हे पाहून घेण्यात संकोच नको. प्लास्टर करण्यापूर्वी ओलं गवत पेटवून धुराची चाचणी घ्यायला लावावी. धूर ज्या भेगेतून फुटेल ती तेव्हाच बुजवता येते.

काकूंनी चित्र डोळ्यांजवळ धरून पाहिलं आणि मग एक मागणी राखून ठेवली होती, ती काढली.

काकू : ही चिमणी दिवाणखान्याच्या भिंतीलाच लागून जाते. मग याच विस्तवाला आतल्या बाजूनेही एक तोंड दे. काचेचं दार लावून. दोन्हीकडून दिसेल.

आर्किटेक्ट : नाही. दोन तोंडांचा विस्तव धुराला हमखास त्रास देतो. एका तोंडातून वारा शिरतो, दुसऱ्यातून धूर निघतो. आणि तुमचं ओट्यावरचं एक्झॉस्ट मी आधीच सांगितलंय. हे मी काढून देणार नाही.

काकू : दुसऱ्या कुणाकडून काढून घेतलं तर?

आर्किटेक्ट : तो तुमचा अधिकार. मी माझं मत कागदावर लिहून देतो, त्या दुसऱ्यालाही दाखवा.

मला हे उत्तर आवडतं. पण काकूंची इच्छा मला हट्ट वाटत नाही. ज्यांनी आयुष्यभर घरातल्या सगळ्यांच्या सोयीने घर मांडलं, त्या एका कोपऱ्यावर हक्क सांगतायत. तिथे नुसता नकार पुरत नाही, वाट शोधावी लागते. ती इथे काकूंनीच शोधली.

काकू : दोन तोंडं नकोत. पण दुसरी, वेगळी पोकळी? त्या बंद लोखंडी शेगडीची? समज, पडवीत बसून भागलंच नाही, आणि दोन वर्षांनी मला आत शेगडी हवी झाली. तेव्हा चिमणी कुठून आणू?

आर्किटेक्ट : तेव्हा आणता येणार नाही. पाया आत्ताच रुंद घ्यावा लागेल. दोन पोकळ्या शेजारी शेजारी, मध्ये साडेचार इंची भिंत. शेगडीला बाहेरून हवा घेणारा स्वतंत्र पाइप ठेवला, तर ओट्यावरच्या एक्झॉस्टशी तिची मारामारी होणार नाही. पण वजन दीडपटीच्या वर जाईल.

काकू : पायाचा खर्च मी देते. दुसरी पोकळी बांध आणि वरून झाकून ठेव.

आर्किटेक्ट : पाया दोन्ही पोकळ्यांचा काढतो. वर मात्र एकीचीच वीट चढवू, दुसरीच्या जागी भिंतीत खाच सोडतो. तुम्ही दोन हिवाळे पडवीत काढा, मग ठरवू.

काकू : दोन नाही. एक.

आर्किटेक्ट : बरं, एक. पण पहिला महिनाभर लहान जाळ. नव्या चिमणीतलं पाणी हळूहळू सुकू द्यावं लागतं, पहिल्याच रात्री मोठी लाकडं घातली तर सांधे उलतील. आणि त्याआधी परवा सकाळी पश्चिमेच्या कोपऱ्यात चाचणीचा खड्डा घेतो. मुरूम किती खोल लागतो ते कळल्याशिवाय मी यातली एकही रेघ शाईने गिरवणार नाही.